‘काय उरलं’ कुठे बघायला मिळेल?

१ डिसेंबर, रविवार
राष्ट्रीय दिन. टीव्हीवर रणगाडे. बायकोने, साव्हेताने, घेवड्याचं सूप केलं होतं. त्यातलं डुकराचं मांस शोधावं लागलं.

दुपारी क्रांतिकारक संघटनेतल्या निकोदीमचा फोन. बातमी पक्की: फिल्म पूर्ण झाली. नाव ‘काय उरलं’. डॉक्युमेंटरी. क्रांतीला तीस वर्षं झाली, तर त्या क्रांतीचं पुढे काय झालं, यावर. मार्चमध्ये इलिंका नावाची मुलगी क्लूजहून कॅमेरा घेऊन टिमिशोआरात आमच्या घरी आली होती, तिचीच. दोन दुपारी माझ्यासमोर बसून होती. मी तिला अगदी सुरुवातीपासून सांगितलं, म्हणजे माझ्या आजोबांपासून. पार्श्वभूमी कळल्याशिवाय क्रांती कळत नाही. मध्ये तिची बॅटरी संपली. दुसऱ्यांदा संपली तेव्हा चार्जिंग करायला स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ आलीच नाही. तेवढ्यात मी पुढचे मुद्दे काढून ठेवले.

माझा अंदाज: फिल्ममध्ये मी निदान अर्धा तास असणार. आजोबा कापले तरी वीस मिनिटं.

चार नाताळ झाले, आंका श्टुटगार्टहून घरी आलेली नाही. पोटची मुलगी. आपल्या जर्मन नवऱ्यासमोर, जेवणाच्या टेबलावर, तिने मला विचारलं होतं, बाबा, क्रांतीत सतरा तारखेला गोळीबार चालू होता तेव्हा तू नक्की कुठे होतास? ‘नक्की’ दोनदा म्हणाली. नवऱ्याला रोमेनियन येत नाही, तरी त्याने खाली मान घातली. मी म्हणालो, पुरावा बघितल्याशिवाय या घरात पाऊल टाकू नकोस. तिने ते मनावर घेतलं.

आता पुरावा तयार आहे. संकल्प: फिल्म कुठे लागते ते शोधायचं. आंकाला दाखवायची. नाताळला ती या घरात आली पाहिजे आणि माझ्या तोंडावर ‘चुकले’ म्हणाली पाहिजे. मग बाकीच्या बिल्डिंगला दाखवू.

३ डिसेंबर
संघटनेची बैठक. उपस्थिती: मी (अध्यक्ष), निकोदीम (मानद अध्यक्ष). उपाध्यक्षांचा गुडघा दुखतो.

साव्हेता म्हणते, या शहरात क्रांतिकारकांच्या जेवढ्या संघटना आहेत, तेवढी माणसं त्या दिवशी चौकात असती तर जेवणाच्या आत काम उरकलं असतं. तिला संघटनेचं काम कळत नाही. क्रांतिकारकाचं सर्टिफिकेट मिळवायला किती यातायात करावी लागते ते आम्हाला विचारा. साक्षीदार लागतो. माझ्यासाठी निकोदीमने साक्ष दिली, त्याच्यासाठी मी. आम्ही चौकात खांद्याला खांदा लावून उभे होतो, असं दोघांनी लिहून दिलं. प्रत्यक्ष ओळख त्या साक्षीच्या रांगेतच झाली, पण मनाने आम्ही आधीपासून बरोबर होतो. तेव्हा मी साव्हेतालाही म्हणालो होतो, तूही एक घेऊन टाक, बसचा पास मिळतो. म्हणाली, घरात एक आहे ना, पुरे. महत्त्वाकांक्षा नाही.

टीव्हीच्या ऑफिसात फोन केला. एका पोरीने उचलला. क्रांतीवरची फिल्म कधी दाखवणार, विचारलं. ती म्हणाली, कुठली क्रांती, आजोबा? एकोणिसशे एकोणनव्वदची, म्हणालो. थांबा, म्हणाली, आणि वाजंत्री लावून निघून गेली. मी ती वाजंत्री पूर्ण ऐकली. दोनदा.

हिच्यासाठी माणसं मेली.

५ डिसेंबर
कार्यक्रमपत्रिका आणून लाल पेनाने तपासली. सोमवार ते रविवार: लोकनृत्य, कुकिंगची स्पर्धा, तुर्की मालिका, लोकनृत्य. क्रांतीबद्दल एक ओळ नाही. एका ठिकाणी ‘काय’ दिसलं म्हणून आनंद झाला. ‘काय शिजतंय?’ निघालं.

संकल्प: टीव्ही संचालकांना कडक पत्र. मसुदा मनात तयार आहे.

६ डिसेंबर
संत निकोलायचा दिवस. काल बूट पॉलिश करून दाराशी ठेवले होते. सकाळी आत काहीही नव्हतं. इतकी वर्षं साव्हेता गुपचूप चॉकलेट ठेवायची. विचारलं तर म्हणाली, तू माझ्या बुटात कधी काय ठेवलंस? विषय कुठल्या कुठे नेते.

वरच्या मजल्यावरच्या केरेकेशने स्वतःच्या फोनवर फिल्म शोधून दिली. हंगेरियन माणूस आहे, पण कामाचा. एका वेबसाइटवर आहे. फोटो होता, नाव होतं, मध्ये त्रिकोण होता. मी त्रिकोण दाबला. काळ्या चौकोनात अक्षरं आली: हा व्हिडिओ तुमच्या देशात उपलब्ध नाही.

चष्मा पुसून पुन्हा वाचलं. क्रांती आमच्या देशात झाली. मेले आमच्या देशातले. फिल्म मात्र आमच्या देशात उपलब्ध नाही. केरेकेश म्हणाला, शेजारी, जर्मनीत दिसते म्हणे, फ्रान्सात पण दिसते. हक्क त्यांनी विकत घेतलेत. मी म्हणालो, आमची सिमेंटची फॅक्टरीही त्यांनी अशीच घेतली. तो म्हणाला, ती तरी दिसते अजून, गेटबाहेरून.

पण यात एक चांगलं आहे. जर्मनीत दिसते. आंकाला मेसेज पाठवला: फिल्म तुझ्या देशात उपलब्ध आहे. बघ आणि मग बोल.

‘तुझ्या देशात’ मुद्दाम लिहिलं. लागू दे थोडं.

८ डिसेंबर, रविवार
आंकाचं उत्तर नाही. बघत असणार. अशा फिल्म एका बैठकीत पचत नाहीत.

साव्हेता दिवसभर फोन घेऊन बसते. हल्ली तिला फारच फोन येतात. मध्येच डोळे पुसते. त्या फोनच्या उजेडाने डोळ्यांना पाणी येतं, हे मी तिला कितीदा सांगितलं.

१० डिसेंबर
आंकाचा फोन आला. शेवटी. मी तयार होतो, खुर्चीत ताठ बसलो. म्हणाली, बाबा, आईला दे.

दिला. साव्हेताने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. अर्धा तास. आतून रडण्याचा आवाज आला, मग हसण्याचा. बायकांचं असंच असतं. माझ्यासाठी काहीतरी सरप्राइज ठरवत असणार. मी लक्ष नाही असं दाखवलं.

मग माझ्याकडे फोन आला. विचारलं, बघितलीस? म्हणाली, बघितली. विचारलं, मग, दिसलो? म्हणाली, बाबा, आवाज ओळखला.

आवाज. म्हणजे निवेदन माझ्या आवाजात ठेवलंय. सबंध फिल्मभर. हे मला सुचलंही नव्हतं. इलिंका वाटली त्यापेक्षा हुशार निघाली.

विचारलं, नाताळला येतेस ना? म्हणाली, हो, येते. इतकी वर्षं पत्रं, भांडणं, तिसऱ्या माणसाकरवी निरोप, आणि एका फिल्मने काम झालं. मी डोळे पुसले. फोनच्या उजेडाने.

१२ डिसेंबर
ती येण्याआधी मी स्वतः फिल्म बघितलेली बरी. कुठल्या वाक्यावर काय बोलायचं ते ठरवता येईल.

केरेकेश म्हणाला, उपाय आहे. कॉम्प्युटरला पटवायचं की आपण जर्मनीत आहोत. मग तो सगळं दाखवतो. मी म्हणालो, म्हणजे आपल्याच शहरात काय झालं ते बघायला पुन्हा परदेशाकडे तोंड करायचं? तो म्हणाला, शेजारी, तुम्हाला सवय आहे.

आहेच. सतरा डिसेंबरला मी गच्चीवर होतो. हाडं गोठवणाऱ्या थंडीत, अँटेना सीमेपलीकडच्या बेलग्रेडकडे फिरवत. तेव्हा सगळं टिमिशोआरा तेच करायचं. आमच्या टीव्हीवर दिवसाला दोन तास कार्यक्रम, आणि दोन्ही तास तोच एक माणूस, आमचा हुकूमशहा. आपल्या रस्त्यावर काय चाललंय हे कळायला बेलग्रेड लागायचं. खाली गोळ्यांचे आवाज येत होते, पण नुसत्या आवाजावरून माणसाने काय समजायचं? खात्री नको? बेलग्रेडने सांगितलं की टिमिशोआरात गोळीबार झाला, तेव्हा मी जिन्यातून खाली ओरडून एकूण एक मजल्याला कळवलं. याला संपर्क आघाडी म्हणतात. आणि हे सगळं घर सांभाळून. साव्हेता दुधाच्या रांगेत म्हणून गेली ती अंधार पडल्यावर उगवली, आणि हात हलवत. आंका तीन वर्षांची, खाली भुकेने रडत होती. आघाडी एकट्याने लढवली मी.

इलिंकाला हे नीट समजावलं होतं. तिने विचारलं, खिडकीतून बघितलं नाहीत का? तरुण पिढीला अँटेना म्हणजे काय हेच माहीत नाही.

१३ डिसेंबर
कॉम्प्युटर जर्मनीत गेला. परत येत नाही. सगळं जर्मनमध्ये लिहून येतं. फिल्म काही लागली नाही, पण श्टुटगार्टमधली वॉशिंग मशीन स्वस्तात दिसतात. केरेकेश म्हणाला, पासवर्ड चुकीचा टाकलात. मी बरोबर टाकला होता. मशीनने चुकीचा घेतला.

संध्याकाळी निकोदीम आला. रस्त्यावर पोस्टर बघितलं म्हणाला: सोमवारी संध्याकाळी, जुन्या सिनेमा हॉलमध्ये, ‘काय उरलं’, खेळ आणि चर्चा. निमंत्रितांसाठी.

मला निमंत्रण आलेलं नाही. पोस्टाचा घोळ. या देशात सरकार उलथलं, पोस्ट तेच राहिलं.

१६ डिसेंबर, सोमवार
सूट घातला. कोटाला तिरंगी फीत. खिशात सर्टिफिकेट, असावं म्हणून. चर्चेत माईक दिला तर काय बोलायचं ते अंघोळ करताना दोनदा म्हणून बघितलं.

साव्हेताही चांगला निळा कोट घालून तयार झाली, लिपस्टिकसुद्धा लावली. म्हणाली, मला जरा बाहेर जायचंय. मी विचारलं नाही. दातांच्या डॉक्टरकडे असेल. गेला आठवडाभर काही खात नाही धड.

हॉलच्या दाराशी एक मुलगी यादी घेऊन. नाव सांगितलं: टिबेरियू दोबोशान. ती म्हणाली, दोबोशान नाव आहे, पण त्या नावाची व्यक्ती केव्हाच आत गेली. पहिल्या रांगेत बसवलंय.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. माझ्या नावावर कोणी तोतया आत जाऊन बसलाय. पहिल्या रांगेत. या देशात माणसं क्रांतिकारकाचंही सोंग घेतात, आणि त्यांना कोणी काही विचारत नाही. सर्टिफिकेट काढून दाखवलं. तिने ते वाचलं, दोन्ही हातांनी परत दिलं, म्हणाली, काका, आज अशी बरीच आलीत.

काचेतून आत डोकावलो. गर्दी. पहिल्या रांगेत एका बाईच्या अंगावर अगदी साव्हेतासारखा निळा कोट होता. हल्ली सगळ्यांकडे तेच कोट, चिनी माल.

बाहेर थांबलो. बर्फ भुरभुरत होतं. मध्ये एकदा आत अगदी शांत झालं, मग टाळ्या वाजल्या, खूप वेळ. लोक उभे राहिले असावेत, खुर्च्यांचा आवाज आला. माझाच प्रसंग असणार. मी बाहेरून मान लववली.

घरी येऊन सूप गरम करून घेतलं, म्हणजे थंडच प्यायलो. साव्हेता उशिरा आली. डोळे सुजलेले, बोलवेना तिला. दात काढला असावा.

१७ डिसेंबर
शहरात शोकदिन. भोंगा वाजला. साव्हेता दरवर्षीप्रमाणे सकाळीच मेणबत्त्या घेऊन गेली. तिच्या आईच्या कबरीवर जाते. आई ऑगस्टमध्ये गेली होती, पण बायका आपले दिवस स्वतः ठरवतात.

मी घरून टीव्हीवर सोहळा बघितला. पुष्पचक्रं. आमच्या संघटनेचं चक्र दिसलं नाही, कारण दिलं नव्हतं.

सर्दी झाली आहे. क्रांतीसाठी दुसऱ्यांदा.

१९ डिसेंबर
निकोदीमला आतल्या गोटातून खबर: रविवारी, बावीस तारखेला, संध्याकाळी पाच वाजता सरकारी चॅनेलवर ‘काय उरलं’ दाखवणार. त्याच्या भाचीची मैत्रीण तिथे मेकअप करते.

झालं. आता लपवाछपवी नको. सगळ्या बिल्डिंगला बोलावणार. आंकाही रविवारपर्यंत येईल तर उत्तम. तिला मेसेज केला. उत्तर: मी सोमवारी पोचते. असो. तिने बघितलीच आहे.

जिन्यात कागद चिकटवला: रविवारी पाच वाजता दोबोशान यांच्याकडे ऐतिहासिक प्रक्षेपण. पेय आणि सारमाले. साव्हेताला सांगितलं, सारमाले भरपूर कर. ती कोबीची पानं हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, टिबी, तुला नक्की सगळ्यांसमोर बघायचंय? मी म्हणालो, म्हणजे काय, तीस वर्षं थांबलोय. ती म्हणाली, मी पण. आणि खिमा मळायला लागली.

तिलाही माझा अभिमान वाटतो. दाखवत नाही इतकंच.

२२ डिसेंबर, रविवार
सगळं लिहून ठेवतो. पुढे कोणी विपर्यास करायला नको.

खुर्च्या कमी पडल्या, केरेकेशने वरून आणल्या. तो आणि त्याची बायको इलोंका, निकोदीम, तळमजल्यावरची दोन जोडपी. मी टीव्हीच्या बाजूला बसलो, म्हणजे पडदा आणि मी दोन्ही एकदम दिसू. प्लमची दारू ओतली. पाच वाजले. टीव्हीवर भरतकामाचे सदरे घातलेली माणसं टाचा आपटत नाचायला लागली.

निकोदीम म्हणाला, प्रस्तावना आहे. पाव तास नाचले. मग एक बाई गायली. केरेकेश म्हणाला, शेजारी, क्रांतीत नाच होता हे आम्हाला माहीत नव्हतं. लोक हसले. निकोदीमने भाचीला फोन लावला, भाचीने मैत्रिणीला, मैत्रिणीने सांगितलं, मी फक्त मेकअप करते.

तेवढ्यात इलोंका साव्हेताला म्हणाली, अगं, काय यांची फजिती बघतेस? तुझ्या फोनवर आहे ना? मला दाखवलीस तीच लाव की इथे.

साव्हेताने हात पुसले. मी विचारलं, तुझ्या फोनवर कुठून? म्हणाली, इलिंकाने लिंक पाठवली, नोव्हेंबरात. मी म्हणालो, आणि सांगितलं नाहीस? म्हणाली, टीव्हीवाल्यांना विचारलंस, केरेकेशला विचारलंस, जर्मनीला विचारलंस. मला कुठे विचारलंस?

केरेकेशने वायर आणून फोन टीव्हीला जोडला. नाचणारे गेले. फिल्म सुरू झाली.

पहिला भाग वेगवेगळ्या गावांत. बंद फॅक्टऱ्या, ओसाड वस्त्या, स्पेनमध्ये स्ट्रॉबेरी तोडणारी पोरं. निवेदन एका बाईच्या आवाजात. मी वाट बघत होतो. मग एकदम आमचा पडदा दिसला, पिवळ्या फुलांचा. आमचं स्वयंपाकघर. मी सावरून बसलो. पण स्टुलावर साव्हेता होती. बटाटे सोलत होती.

ती बोलत होती. ती आमच्याबरोबर खोलीत असून पडद्यावरून बोलत होती. म्हणाली, आउरिका माझ्याबरोबर चपलांच्या कारखान्यात होती, शेजारच्या मशीनवर. रविवार होता. तिने खालून हाक मारली, चल, बघून येऊ. मी घरी सांगितलं दुधाच्या रांगेला जाते. पुलापर्यंत गेलो. लोक ओरडत होते, आम्हीपण ओरडलो. आउरिका हसायला लागली. म्हणाली, साव्हेता, बघ माझा आवाज केवढा मोठा आहे, मला माहीतच नव्हतं. मग ती खाली बसली. मला वाटलं पाय घसरला. मी म्हणाले, ऊठ गं, कोट खराब होईल.

इथे तिने सोललेला बटाटा पाण्यात टाकला आणि दुसरा घेतला.

म्हणाली, दोन माणसांनी तिला एका जिन्यात आणून ठेवलं आणि ती माणसं पळाली. मी दारं वाजवली. मजल्यामागून मजले. आत माणसं होती, टीव्ही चालू होते, बेलग्रेडचं सर्बियन ऐकू येत होतं. कोणी उघडलं नाही. मी दोष देत नाही कोणाला. मी तिच्याजवळ बसले. किती वेळ कोणास ठाऊक. मग मला आठवलं, घरी माझी मुलगी आहे. आउरिकाला तिथेच सोडून मी घरी गेले. दुसऱ्या दिवशी तिथे कोणी नव्हतं. तिला कुठे नेलं ते आजपर्यंत कळलं नाही. मी दरवर्षी त्या जिन्यात मेणबत्ती लावते. तिथले लोक आता ओळखतात मला.

इलिंकाचा आवाज आला, घरी कोणाला सांगितलंत? साव्हेता म्हणाली, मी घरी आले तेव्हा नवरा गच्चीवर होता, अँटेना धरून. मी वर जाऊन हाक मारली. तो म्हणाला, शू, बातम्या लागल्यात. मग वाटलं, उद्या सांगू. मग तो दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना त्याचंच सांगायला लागला, आणि त्यात मला जागाच...

आणि तिथे, त्या क्षणी, बाहेरच्या खोलीतून, खणखणीत: साव्हेता, कॉफीचं काय झालं? आणि त्या मुलीला म्हणावं, चार्जिंग पुरे, मी महत्त्वाच्या भागापाशी आलोय.

पडद्यावरची साव्हेता उठली. हात पुसले, गॅस लावायला गेली. कॅमेरा रिकाम्या स्टुलावर तसाच राहिला. फार वेळ राहिला. स्टूल किती वेळ दाखवायचं याला काही मर्यादा असते.

निकोदीम म्हणाला, अध्यक्षसाहेब, तुमचाच आवाज.

पुढे मी नाही. शेवटपर्यंत नाही. अगदी शेवटी पांढऱ्या अक्षरांत: आभार, दोबोशान कुटुंब. कुटुंब म्हणजे त्यात मी आलोच.

इलोंकाने साव्हेताला मिठी मारली. मग तळमजल्यावरच्या बायकांनी. पुरुष जाताना एकेक करून तिचा हात हातात घेत होते, कबरस्तानात घेतात तसा. माझ्याशी कोणी काही वाईट बोललं नाही. निकोदीम सारमाले डब्यात घालून घेऊन गेला.

२३ डिसेंबर
झोप नाही. सारमाले जड पडले.

मला हे माहीत नव्हतं अशी कुजबुज बिल्डिंगमध्ये सुरू झाली असेल. चुकीचं आहे. त्या दिवशी ती उशिरा आली हे मला माहीत होतं. दूध आणलं नाही हे माहीत होतं. मधला भाग तेवढा माहीत नव्हता. नाव माहीत नव्हतं.

इलिंकाला पत्र लिहायला घेतलं. मुद्दे: दोन दुपारींचं चित्रीकरण गेलं कुठे, संपर्क आघाडीचा उल्लेख का नाही, परवानगीशिवाय आवाज का वापरला. तिसऱ्या मुद्द्यापाशी पेन थांबलं. पेन जुनं आहे.

साव्हेता भांडी घासत होती. पाठमोरी. केस मागून इतके पांढरे कधी झाले? मी दारात उभा राहिलो. ती म्हणाली, काय हवंय? मी म्हणालो, काही नाही.

संकल्प: तिला विचारायचं. शांतपणे, सगळं, अगदी पहिल्यापासून. ती मैत्रीण कशी दिसायची, काय बोलायची, दोघी डबा एकत्र खायच्या का. बातम्या संपल्या की विचारतो.

बातम्यांनंतर हवामान लागलं. हवामान संपलं तेव्हा ती झोपली होती.

आंकाची बस बर्फात अडकली आहे, ती उद्या येईल.

२४ डिसेंबर
आंका आली. दुपारी. एकटीच, नवऱ्याला नंतर बोलावणार म्हणे. मी दार उघडलं. तिने माझ्या दोन्ही गालांची पापी घेतली, बूट काढले आणि तडक आत गेली. आत दोघी किती तरी वेळ एकमेकींना धरून उभ्या होत्या. मी बॅग उचलून आणली. जड होती.

ती ‘चुकले’ म्हणेल तेव्हा काय उत्तर द्यायचं ते मी ठरवून ठेवलं होतं: झालं गेलं, बाळ, मी मनात ठेवत नाही. ती म्हणाली नाही. सतरा तारखेबद्दल तिने मला काहीही विचारलं नाही. नक्की कुठे होतास, हेसुद्धा नाही. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

नंतर स्वयंपाकघराचं दार लागलं. आंका म्हणाली, आई, आता सगळं सांग, घाई नाहीये. एवढं ऐकू आलं.

मी टीव्हीसमोर बसलो. कॅरोल गाणारी पोरं, चर्च, परत पोरं. आवाज कमी केला. मग आणखी कमी केला.

दार उघडलं. आंका बाहेर आली, सरळ माझ्याकडे. मी उठून उभाच राहिलो, सदरा नीट केला. म्हणाली, बाबा, ही खुर्ची घेऊ का? इलोंका काकू पण आल्यात, आत कमी पडतेय.

म्हणालो, घे. मीच उचलून दारापर्यंत नेऊन दिली. ती थँक्स म्हणाली आणि दार लावून घेतलं.

टीव्ही बंद केला. दारापाशी उभा आहे. बोलणं ऐकू येतंय, शब्द कळत नाहीत.